बाई आजारी, ढब्बूला कोण फिरवणार? सहकारनगरातलं एक प्रकरण

२६ सप्टेंबर २०२४, सकाळी पावणेसात. फोनवर नाव बाईंचं दिसत होतं, आवाज मात्र त्यांचा वाटेना. "ढब्बूनं काल संध्याकाळी पाचपासून शू केलेली नाही. मला पलंगावरून उठवत नाहीये. काय करू, सांग."

आदल्या दिवशी पुण्यात पावसानं कहर केला होता, शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. पावसामुळे नेलं नसेल असं मला आधी वाटलं. पण बाई पावसाला जुमानणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांना चिकनगुनिया झाला होता.

मी पुण्यात कुत्र्यांना शिकवण्याचं काम करतो. खरं तर शिकवावं लागतं ते माणसांना, पण तसं म्हटलं तर कुणी बोलावत नाही. हे प्रकरण लिहितोय ते बाईंच्या परवानगीनं. त्यांची अट एकच होती: नाव नको. त्या शाळेत शिकवायच्या, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. तेव्हा इथंही बाईच.

घर, जिना आणि तीन फेऱ्या

बाईंचं वय एकसष्ट. सहकारनगरात जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, छत्तीस पायऱ्या. मुलगी बंगळुरूला. घरात बाई आणि ढब्बू, एवढंच कुटुंब. ढब्बू पाच वर्षांचा, गावठी, तांबूस, बावीस किलोचा. पिल्लू असताना भर पावसात सोसायटीच्या मीटरच्या खोलीत सापडलेला.

दिवस ठरलेला. सकाळी सहाला चाळीस मिनिटं, दुपारी एकला खाली पाच-दहा मिनिटं, संध्याकाळी सातला अर्धा तास. पाच वर्षांत ढब्बूला बाईंखेरीज दुसऱ्या कुणी फिरवलं असेल तर ते तीन-चारदा, आणि त्यातल्या दोन वेळा मीच. बाई गावाला जात नाहीत, गेल्या तर त्याला घेऊन जातात. याचा त्यांना अभिमान होता. मलाही कौतुक वाटायचं. या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

चिकनगुनिया हा शब्द टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. ताप चार-पाच दिवसांत उतरतो, सांधे मात्र आठवडे, कधी महिने धरून ठेवतात. मनगटं, बोटं, घोटे. बाईंचं तसंच झालं. डॉक्टरांनी डेंग्यू नाही ना याची खात्री करून घेतली, पॅरासिटॅमॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे छत्तीस पायऱ्या दिवसातून तीनदा चढ-उतर नाही, हे डॉक्टरांनी वेगळं सांगायची गरजच नव्हती.

पहिले चार दिवस

मी आठला पोचलो. ढब्बू दारात उभा, शेपटी खाली. खाली नेलं, तर कडुनिंबाच्या बुंध्याशी तो इतका वेळ उभा राहिला की वॉचमनकाका मोजायला लागले. जवळपास पंधरा तास त्यानं धरून ठेवली होती. घरात घाण न करणारा कुत्रा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तो अशा वेळी स्वतःचे हाल करून घेतो. धडधाकट मोठा कुत्रा सहा-आठ तास आरामात काढतो. त्यापुढे रोजच ताणायला लागला तर लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण. आणि कुत्रा उभा राहून जोर करतोय पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर फिरवण्याची चर्चा थांबवायची आणि थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. ढब्बूच्या बाबतीत तसं नव्हतं, नशीब.

आता रोज कोण नेणार? मी राहतो वारज्याला, रोज येणं शक्य नव्हतं. तळमजल्यावर इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा राहतो, कुत्र्यांचा वेडा. दिसेल त्या भटक्या कुत्र्याला बिस्किट देणारा. तो एका पायावर तयार झाला. मलाही वाटलं, सुटलो.

पहिल्या संध्याकाळी ढब्बू त्याच्याबरोबर जिन्याच्या वळणापर्यंत गेला आणि तिथं फतकल मारून बसला. बिस्किट नको, चेंडू नको. ओढलं तर मागे रेटायचा. मुलानं त्याला उचलून खाली नेला. बावीस किलो, काय सांगू. खाली नेल्यावर शू केली आणि लगेच जिन्याकडे तोंड. दुसऱ्या दिवशीही तेच. मी शहाणपणा करून सुचवलं की बाईंचा रोजचा पंचा खिशात ठेव, वास असला की धीर येईल. झालं उलटंच. ढब्बू त्याच्या खिशाला नाक लावून चालेना, आणि मग वास जिथून आला तिकडे, म्हणजे वर घराकडे, जिवाच्या आकांतानं ओढायला लागला. हा सल्ला मी आता कुणाला देत नाही.

चौथ्या दिवशी मी स्वतः घरात बसून नुसतं पाहिलं. मुलगा आला, लीश लावली. ढब्बू उठला, दारापर्यंत गेला. पलंगावरून बाई मायेनं म्हणाल्या, "जाऊन ये हं, राजा." ढब्बू गर्रकन वळला आणि पलंगाशी येऊन बसला.

मी कपाळावर हात मारला. जाऊन 'ये'. पिल्लू असल्यापासून बोलावण्याचा त्याचा शब्द 'ये' आहे. तो मीच शिकवलेला. बाईंनी 'ये' म्हटलं की जिथं असशील तिथून माघारी फिरायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. आपण मराठी माणसं कुणाला नुसतं 'जा' म्हणत नाही, अशुभ वाटतं. निघतानाही 'येतो' म्हणतो. बिचारा कुत्रा चार दिवस हुकूम पाळत होता आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

शब्द बदलला. बाईंनीच निवडला: "भटकंती!" यात 'ये' कुठेच नाही. नवा शब्द आम्ही दारातच घोटवला. बाईंनी पलंगावरून "भटकंती" म्हणायचं, मुलानं दाराबाहेर दोन पावलं न्यायचं, एक तुकडा द्यायचा, परत आत. मग वळणापर्यंत. मग अर्ध्या जिन्यापर्यंत. दर वेळी परत आल्यावर बाई पलंगावर तिथंच दिसायच्या. माझ्या मते कुत्र्याला पटवायचं होतं ते हेच, की तू गेलास तरी त्या कुठं जात नाहीत. आजारी माणसाला सोडून न जाणं आपण निष्ठा म्हणून गौरवतो, पण त्यात बरीचशी धास्तीही असते. दोन दिवसांत छत्तीस पायऱ्या उतरून झाल्या.

हुक आणि सकाळ

ताप उतरला तशी बाईंची चुळबुळ सुरू झाली. दसऱ्याच्या सुमारास त्या मला म्हणाल्या, "आता मीच नेते, किती दिवस दुसऱ्याच्या पोराला त्रास?" मी म्हटलं, लीश लावून दाखवा.

लीशचा तो पितळी हुक आपण कधी नीट पाहत नाही. अंगठ्यानं छोटी कळ मागे ओढायची, धरून ठेवायची, दुसऱ्या हातानं पट्ट्याची कडी आत घालायची आणि सोडायचं. बाईंचा उजवा अंगठा कळीवर टेकला आणि चेहरा पांढरा पडला. कळ अर्धी हलली, निसटली. पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात लावले, तर कडी धरायला हात उरला नाही. ढब्बू मान पुढे करून शहाण्यासारखा उभा. बाईंनी लीश मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नंतर त्यांनी विचारलं, कमरेला बांधायची लीश मिळते ना, ती आणू? मिळते. धावणारे लोक वापरतात. पण घोटे सुजलेल्या एकसष्ट वर्षांच्या बाईंना बावीस किलोचा कुत्रा कमरेला बांधून मी जिना उतरू देणार नव्हतो. मांजर आडवं गेलं की संपलं. हातातली लीश निदान सोडून देता येते. मी स्पष्ट नाही म्हटलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग बसून वाटणी केली, आणि ती घड्याळ पाहून नव्हे, बाईंचं अंग पाहून. चिकनगुनियाच्या सांध्यांना सकाळी सगळ्यात जास्त आखडलेपण असतं, दिवस चढेल तसं थोडं सैल होतं. म्हणजे सहाची फेरी त्यांना सगळ्यात अवघड, संध्याकाळची त्यातल्या त्यात जमेल अशी. ढब्बूचं उलट: सकाळची फेरी त्याला टाळता येण्यासारखी नाही. तेव्हा सकाळ पूर्णपणे दुसऱ्यावर. दुपारची फेरी घरात. आणि संध्याकाळी मुलानं लीश लावून ढब्बूला न्यायचं, बाईंनी जमलं तर कठडा धरून खाली येऊन बाकावर बसायचं. लीश त्यांच्या हातात द्यायची नाही.

दुपारसाठी गॅलरीत गोणपाट अंथरलं. वर कडुनिंबाखालची माती आणि पाचोळा, जिथं तो रोज पाय वर करतो नेमकी तिथली. पहिले तीन दिवस ढब्बूनं त्याकडे पाहून असा चेहरा केला की जणू आम्ही त्याला देवघरात जायला सांगतोय. चौथ्या दिवशी मुलानं गोणपाटाचा एक तुकडा खाली नेऊन बुंध्याशी टाकला, ढब्बूनं त्यावर केली, तो तुकडा वर आणून ठेवला. मग जमलं. गोणपाट रोज धुवायचं, खाली पाणी साचू द्यायचं नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण चिकनगुनियाचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि बाईंच्या गॅलरीत कुंड्यांखालच्या ताटल्यांत अळ्या होत्याच. ढब्बूचं पाण्याचं भांडंही तिथंच असायचं. नुसतं वरून भरत राहायच्या. आता रोज रिकामं करून घासतात. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, त्यामुळे पाणी बदलून भागत नाही, घासावंच लागतं.

शेजारच्या एका काकूंना मात्र वेगळीच शंका. ढब्बूमुळे आजार पसरेल का, त्याला लिफ्ट... छे, लिफ्ट नाहीच, जिन्यात आणू नका. हा आजार माणसाला डासामुळे होतो, कुत्र्याच्या केसांमुळे किंवा श्वासामुळे नाही, हे चार वेळा सांगावं लागलं.

कुत्र्याला खरा धोका बाईंच्या उशाशी होता. पॅरासिटॅमॉलचं पाकीट. एका सकाळी त्यावर दातांच्या खुणा दिसल्या, गोळ्या सुदैवानं शाबूत. आपली ताप-अंगदुखीची औषधं, पॅरासिटॅमॉल काय किंवा आयबुप्रोफेन काय, कुत्र्याच्या यकृताला, जठराला, मूत्रपिंडाला भारी पडू शकतात. त्या दिवसापासून गोळ्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत गेल्या. ती बरणी बाईंना उघडता येईना, म्हणून ढब्बू पोचणार नाही अशा फळीवर साधा डबा. आजारपणात प्रत्येक उपायातून असा नवा प्रश्न निघतो.

पोळ्यांच्या मावशी

सकाळचा माणूस कोण हा प्रश्न होताच. मुलाचं कॉलेज साडेसातला, त्यात परीक्षा. शिवाय उशिरापर्यंत जागणारा पोरगा सहाला उठणार म्हणजे देवाची कृपा. दोनदा तो उठलाच नाही. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, तो हौशीनं करत होता, आणि हौस अशीच असते.

बाईंकडे पोळ्या करायला एक मावशी येतात, पर्वती पायथ्याकडून. सव्वासातला. पाऊस असो, बंद असो, सव्वासात म्हणजे सव्वासात. ढब्बूला त्यांची पावलं पहिल्या पायरीवर कळतात, कारण पहिली पोळी त्याची. मी सुचवलं तेव्हा बाई म्हणाल्या, त्यांना कुत्र्यांची काही आवड नाही रे. मावशींना विचारलं तर त्या हसल्या. "आमच्याकडं कुत्र्याला कुणी फिरवत न्हाई, त्योच फिरतो."

कुत्र्याच्या आवडीपेक्षा मला वक्तशीरपणाची किंमत जास्त वाटते. ढब्बूच्या मूत्राशयाला प्रेम कळत नाही, वेळ कळते. पैसे आधी ठरवले, महिन्याला दोन हजार, वीस मिनिटांची फेरी. बाईंना वाटत होतं की ओळखीत पैशाचं कसं बोलायचं. मी म्हटलं, उपकार म्हणून केलेलं काम तिसऱ्या आठवड्यात गळतं, आणि त्यांच्या वीस मिनिटांत एका घराच्या पोळ्या होतात.

मावशींनी तिसऱ्या दिवशी असं काही केलं, जे मी लोकांना पैसे घेऊन शिकवतो. त्या ढब्बूला चालवतच नव्हत्या. तो जिथं हुंगेल तिथं त्या उभ्या. कोपऱ्यावरचा खांब, भाजीच्या गाडीखालची पानं, इस्त्रीवाल्याचं टेबल. वीस मिनिटांत दोनशे पावलंसुद्धा झाली नसतील. आणि घरी आल्यावर ढब्बू पसरला तो अकरापर्यंत उठला नाही. बाईंच्या चाळीस मिनिटांच्या झपाझप चालीनंतरही तो इतका शांत नसायचा. कुत्र्याचं जग नाकातून आत येतं. हुंगण्यात त्याचं डोकं दमतं, पायांइतकंच, कधी जास्त. दमवलेला कुत्रा शहाणा असं आमच्या धंद्यातले लोक म्हणतात, पण दमवायचं म्हणजे पळवायचं असा त्याचा अर्थ लावून मालक स्वतःच्या जिवावर उठतात.

दिवसभरासाठीही मग तेच. रात्रीचं खाणं ताटलीत न देता जुन्या चादरीच्या घड्यांत टाकायचं, नाहीतर स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून त्यातल्या दोनांखाली पोळीचा तुकडा. बाई पलंगावरून हे करू शकत होत्या. चालणं कमी म्हणून दोन पोळ्यांच्या दीड केल्या. त्यावर ढब्बूचा निषेध अजून चालू आहे.

याच दरम्यान सोसायटीत कुणीतरी बाईंना ऐकवलं की आजारी माणसानं कुत्रा कोंडून ठेवणं गुन्हा आहे. बाई रात्रभर झोपल्या नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये खरंच तसं आहे: नेहमी साखळीला किंवा बंदिस्त ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवण्याकडे मालकानं दुर्लक्ष करणं ही क्रूरता. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज त्यात धड भेळही येत नाही. पण शब्द नीट वाचले तर मालकानं स्वतः फिरवावं किंवा फिरवण्याची सोय करावी, एवढंच कायदा मागतो. मी ते बाईंना फोनवर वाचून दाखवलं. "सोय करावी," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, कागद-पेन घे.

पेन त्यांना धरवत नव्हतं, म्हणून त्या सांगत गेल्या आणि संध्याकाळी त्या मुलानं तो कागद साफ अक्षरात उतरवून फ्रीजवर लावला. तो असा: "भटकंती म्हणायचं, ये म्हणायचं नाही. वाण्याच्या दुकानासमोरचा काळा कुत्रा याला आवडत नाही, पलीकडून जायचं. शी उचलायची, पिशव्या दाराच्या खुंटीवर. रस्त्यावरचं हाड तोंडात असेल तर ओढायचं नाही, पोळी दाखवायची. परत आल्यावर पाय पुसायचे, बोटांच्या मध्ये गोचीड बघायची. डॉक्टरांचा नंबर खाली." खाली बाईंच्या वाकड्या अक्षरात सही. एवढीच त्यांनी स्वतः केली होती.

२९ ऑक्टोबर

धनत्रयोदशीची संध्याकाळ. मुलानं ढब्बूला नेहमीसारखं नेलं. कोपऱ्यावर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. ढब्बू पुढे पळाला नाही, कुत्रे बहुधा तसं करतात अशी आपली समजूत असते. तो मागे सरकला, मान खाली घातली, पट्टा कानांवरून सर्रकन निघाला आणि मुलाच्या हातात लीश आणि रिकामा पट्टा.

चूक माझी. एक महिना मी घरी येत-जात होतो, वाटणी केली, कागद लिहून घेतला, आणि पट्टा कधी तपासला नाही. गावठी कुत्र्याची मान जाड आणि डोकं निमुळतं. पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल हवा, ढब्बूचा चार बोटं सैल होता. बाईंच्या हातात कधी निसटला नाही, कारण बाईंपासून मागे पळायची वेळच आली नव्हती. नवा माणूस लीश धरणार म्हटल्यावर पहिल्याच दिवशी छातीवरून जाणारा हार्नेस घ्यायला हवा होता, आणि दिवाळीच्या आठवड्यात फटाके सुरू व्हायच्या आत, साडेपाचलाच फेरी उरकायला हवी होती. हे मी दरवर्षी दहा जणांना सांगतो.

दोन तास शोधाशोध. मुलगा रडकुंडीला आलेला. बाई सगळं विसरून जिना उतरल्या, कठडा दोन्ही हातांनी धरून, आणि दारात उभं राहून हाका मारत राहिल्या. ढब्बू सापडला मावशींना. त्यांना फोन गेला तेव्हा त्या घरी स्वयंपाक करत होत्या, तशाच रिक्षानं आल्या आणि सरळ इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीपाशी गेल्या. टेबलाखाली, कापडाच्या पडद्यामागे ढब्बू थरथरत बसला होता. "रोज सकाळी हितंच नाक घालतोय," मावशी म्हणाल्या, "दुसरीकडं कशाला जाईल?"

दुसऱ्या दिवशी हार्नेस आला. छातीवर आणि पाठीवर दोन कड्या, प्लास्टिकची मोठी चापाची बकलं, तळव्यानं दाबली तरी मिटतात. बाईंना ती जमतात हा त्यातला अनपेक्षित फायदा.

आता

बाईंची बोटं सैल व्हायला जानेवारी उजाडला. घोटे आधी सुधारले, मनगटं सगळ्यात शेवटी. फेब्रुवारीपासून संध्याकाळची फेरी त्या स्वतः नेतात, अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटं, आणि चालण्यापेक्षा थांबणं जास्त. पोरगा आता रविवारी येतो, हौसेपुरता. गॅलरीतलं गोणपाट काढायचं नाही असं मी सांगितलंय. आठवड्यातून एकदा तरी ढब्बूनं ते वापरावं, विसरू नये म्हणून.

सकाळ मात्र मावशींचीच राहिली. बाईंना बरं वाटल्यावर मी विचारलं होतं, आता पुन्हा सहाला सुरू करणार का? त्या म्हणाल्या, "केलं होतं एक दिवस. खाली उतरलो तर हा इस्त्रीवाल्यापाशी बसून राहिला, सव्वासात होईपर्यंत."

लीश तीच जुनी आहे. तिचा हुक बाई आता डाव्या अंगठ्यानं दाबतात.